स्वतःचं श्राद्ध जेवणारे मामंजी

माझं लग्न ठरवायला माझे वडील डोंबिवलीला गेले, तेव्हा होणाऱ्या व्याह्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक फोटो टांगलेला होता. फौजी गणवेश, पिळदार मिशा आणि फोटोला ताज्या झेंडूचा हार. फोटोच्या बरोबर खाली, खाटेवर, तशाच मिशांचे एक गृहस्थ सुपारी कातरत बसलेले. माझे वडील भिडस्त. चहा झाला, पत्रिका जुळली, देण्याघेण्याचं बोलणं झालं, आणि अगदी निघताना त्यांनी हळूच विचारलं, "हे आपले वडीलबंधू का हो? चेहरेपट्टी अगदी आपलीच आहे."

"छे, छे! हा मीच," गृहस्थ म्हणाले. "बरा माणूस होता. बर्मात गेला बिचारा."

वडील घरी येऊन आईला म्हणाले, "मुलगा चांगला, नोकरी कायम, सासू म्हणजे गरीब गाय. फक्त सासरा जरा..." आणि त्यांनी हवेत नुसता हात फिरवला. आई म्हणाली, "सासऱ्याशी का संसार करायचाय तिला?" तिला काय कल्पना! आमचे हे सकाळी डबा घेऊन जे जायचे ते दिवेलागणीला उगवायचे. माझा निम्मा संसार मामंजींशीच झाला.

तर हे आमचे मामंजी. फौजेत सुभेदार होते, तेही खेचरांच्या पलटणीत. लढाईच्या गोष्टी ऐकायला गल्लीतली माणसं जमायची आणि खेचरांच्या गोष्टी ऐकून परत जायची. कुठली टेकडी कुणी घेतली, गोळ्या कशा सुटल्या, याबद्दल चकार शब्द नाही. पण अमकं खेचर ओढा ओलांडताना कसं हटून बसलं, मग त्याच्या कानात काय सांगितल्यावर ते उठलं, हे मात्र साग्रसंगीत. त्यांच्या लेखी खेचर हा जगातला सगळ्यात शहाणा प्राणी. मी पहिल्यांदा त्यांच्या पानात पुरणपोळी वाढली, तेव्हा दोन घास खाऊन ते प्रेमानं म्हणाले, "सूनबाई, तू अगदी खेचरासारखी गुणी आहेस." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासूबाई पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "अगं वेडे, मला इतक्या वर्षांत एकदाच म्हणालेत. तुला पहिल्याच आठवड्यात मिळालं."

घरातल्या माणसांवर जीव असा की विचारू नका. फौजेत गेलेली सगळी वर्षं त्यांना वसूल करायची होती. माझी नणंद, वन्सं, तेव्हा सोळासतरा वर्षांची. तिची वेणी रोज सकाळी मामंजी घालणार. खेचरांच्या शेपट्या बांधून हात बसलेला, त्यामुळे वेणी इतकी घट्ट की वन्संच्या भुवया दिवसभर कपाळावर चढलेल्या. शाळेतल्या बाई विचारायच्या, "एवढं कसलं आश्चर्य वाटतंय तुला?" पण पोरीनं कधी "नको" म्हटलं नाही. तिच्या आयुष्यातली मधली पाच-सहा वर्षं बाप नव्हताच, तेव्हा भुवया चढल्या तरी चालतील पण वेणी बापानंच घालायची. सासूबाई भाजी निवडायला बसल्या की हे समोर पाट घेऊन हजर. मेथी निवडता निवडता गप्पा. पुरुषमाणूस असा बायकांत बसतो म्हणून गल्ली हसायची. हे म्हणायचे, "मेलेल्या माणसाला कुठं बसायचं याचा कायदा नाही."

हेच त्यांचं पालुपद. दळण आणा म्हटलं की, "मयताला काम सांगू नये." कुणाशी वाद झाला की, "मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, विसरलात?" आणि डोंबिवलीत कुठंही कुणी गेलं की मामंजी सगळ्यांच्या आधी तिथं. तिरडी बांधण्यात हात धरणारा नाही. रडणाऱ्या घरच्यांना समजावायचे, "रडू नका. मी जाऊन आलोय. वाईट नाही काही तिकडे." काही घरांत याचा खरंच आधार वाटायचा. एका घरातनं मात्र त्यांना काठी घेऊन हाकललं होतं.

आता हे मेले कसे, ते सांगते. मी तेव्हा घरात नव्हते, पण ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की मी होतेच असं मला वाटतं.

लढाईत ते बर्मात बेपत्ता झाले. फौजेकडून एवढंच कळलं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते म्हणतात. पण मामंजींचे थोरले भाऊ खडवलीला असायचे, आमची मूळ घरं तिथलीच. त्यांचा धाकट्यावर अतोनात जीव. त्यांच्या स्वप्नात हा भाऊ रोज येऊन पाणी मागायला लागला. त्यातच पलटणीतला एक सुटून आलेला जवान म्हणाला, "सुभेदारसाहेबांना मी पडताना पाहिलं." झालं. थोरल्यांना वाटलं, भावाचा आत्मा तहानेनं भटकतोय आणि आपण इथं भाकरी खातोय. त्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि सगळं क्रियाकर्म यथासांग उरकलं. पडलेला माणूस उठूही शकतो, हे त्या माउलीच्या डोक्यातच आलं नाही. मामंजी पडले होते ते पाय घसरून, आणि पकडले गेले होते खेचराचा लगाम सोडला नाही म्हणून!

दहाव्याला खडवलीच्या नदीवर पिंड ठेवले, तर कावळा शिवेना. झाडावर कावळ्यांची सभा भरलेली, पण एक खाली उतरेल तर शपथ. थोरले हात जोडून म्हणाले, "तुझ्या बायकोला अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. "पोरीचं लग्न मी करून देईन." ढिम्म. "मुलाला शिकवीन." एका कावळ्यानं मान वळवून दुसरीकडे पाहिलं. उन्हं कलली, मंडळी भुकेनं व्याकूळ, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. पुढं मामंजी ही गोष्ट सांगताना मांडीवर थाप मारून म्हणायचे, "अख्ख्या खानदानात अक्कल कुणाला होती? कावळ्यांना!" थोरले समोर असले तर बिचारे पंच्याची टोकं चाळवत बसायचे.

लढाई संपली आणि एक दिवस भर दुपारी हे दारात हजर. दारात म्हणजे विहिरीवर. सासूबाई पाणी शेंदत होत्या. समोर नवऱ्याला पाहिलं आणि हातातला दोर सुटला, बादली धाडकन विहिरीत. इतक्या वर्षांनी, मरणाच्या दारातनं आलेला नवरा बायकोला पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? "अगं, दोर असा सोडू नये." मग शेजारून गळ आणून त्यांनी आधी बादली काढली. बादली काठावर ठेवून मान वर केली, तेव्हा त्यांना बायकोचं पांढरं कपाळ दिसलं. तसेच घरात गेले, देवापुढची कुंकवाची कुयरी आणली आणि ओल्या हातानं तिच्या कपाळाला असं कुंकू फासलं की ते नाकावरनं ओघळलं. दुसऱ्या दिवशी कल्याणच्या सोनाराकडनं मंगळसूत्र आलं. त्यांच्या मते प्रकरण तिथंच मिटलं.

भटजींच्या मते मिटलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी पोथी घेऊन आले. ज्याचं क्रियाकर्म होऊन गेलं तो माणूस जिवंत परत आला, तर शास्त्राप्रमाणं तो जन्मलेलाच नाही. त्याचा पुन्हा जन्म व्हावा लागतो. जातकर्म, बारसं, मुंज आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. मामंजी खो खो हसले. म्हणाले, "मला जन्माला घालायला माझी आई समर्थ होती. तिनं एकदाच घातलं, पण नीट घातलं." भटजी पोथी गुंडाळून निघून गेले.

आणि मग मामंजींनी आपलं मरण असं साजरं करायला सुरुवात केली की जिवंत माणसांनी वाढदिवस काय करावेत! फोटो काढू दिला नाही. दर सणाला स्टुलावर चढून स्वतःच्या फोटोला स्वतः हार घालायचे, उतरून नमस्कार करायचे. दर वर्षी त्यांच्या तिथीला श्राद्धाचा स्वयंपाक झालाच पाहिजे. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. जेवायला भटजी येईनात, तेव्हा ब्राह्मणाच्या पाटावर मामंजी आणि पितराच्या पानावरही मामंजीच. मी नवी सून, त्या वर्षी वडे माझ्याकडे होते. तिसरा वडा उचलून म्हणाले, "सूनबाई, मेथ्या कमी पडल्यात. पितर नाराज होतील." मी म्हटलं, "मग पितरांनी पुढच्या वर्षी स्वतः दळण आणावं." आणि मग मामंजी असे हसले की खीर नाकात गेली. त्या दिवसापासून माझं आणि त्यांचं जमलं ते जमलंच.

पण सासूबाई त्या दिवशी हसल्या नव्हत्या. त्या चुलीपाशी पाठमोऱ्या बसून होत्या.

वन्संचं लग्न ठरलं ते ठाण्याला, नौपाड्यात. मुलगा शिकलेला, माणसं सज्जन, वन्संना मुलगा मनापासून आवडलेला. तिनं तोंडानं सांगितलं नाही, पण वेणी घालताना गुणगुणायची त्यावरनं सगळ्या घराला कळलं. मामंजी तर हवेत. कन्यादानाला कुठलं सोवळं नेसायचं ते त्यांनी ठरवूनसुद्धा ठेवलं. "लढाईत एकच नवस बोललो होतो," मला म्हणाले, "पोरीचा हात माझ्या हातानं जावयाच्या हातात द्यायचा. बाकी देवाला त्रास दिला नाही."

विहीणबाई घर बघायला आल्या. चहा-पोहे झाले, आणि त्यांची नजर गेली फोटोकडे. झालं! मामंजींना तेवढंच हवं होतं. त्यांनी पुतळ्यापासून कावळ्यापर्यंत सगळी कथा रंगवून सांगितली, वर श्राद्धाच्या वड्यांचंही वर्णन केलं. विहीणबाई आधी हसल्या, मग हसू थांबलं, मग त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

दोन दिवसांनी त्यांचे दीर निरोप घेऊन आले. मुलगी पसंत आहे, तिच्याबद्दल शब्द नाही. पण मुलाच्या आजी जुन्या वळणाच्या, त्या हटून बसल्यात. ज्याच्या नावानं तिलांजली दिली त्याच्या हातचं कन्यादान घ्यायचं नाही. एकतर शास्त्रात सांगितलंय ते करून घ्या, नाहीतर कन्यादानाला खडवलीचे थोरले आणि त्यांच्या पत्नी बसतील. मुलीच्या आईवडिलांनी मांडवात मागं बसावं.

मामंजींचा आवाज स्टेशनपर्यंत गेला असेल. "मागं बसू? माझ्या पोरीच्या लग्नात मी मागं बसू? आणि या वयात बारसं करून घेऊ? घुगऱ्या वाटू? त्यापेक्षा मोडा लग्न! पोरीला दुसरी शंभर स्थळं येतील!" दीर बिचारे चपला शोधत पळाले. माजघरात वन्सं भिंतीला टेकून उभी, डोळ्यांतनं घळाघळा पाणी, पण तोंडातनं आवाज नाही. सासूबाई तिला जवळ घेऊन म्हणत होत्या, "थोरल्यांना बसू दे गं. काही बिघडत नाही. मला सवय आहे."

मला सवय आहे! ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक उठली. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचा तो काळ नव्हे. पण मी पदर खोचला आणि बाहेर आले.

"मामंजी," मी म्हटलं, "मी या घरात माप ओलांडून आले, तेव्हा मला कुणी ओवाळलं?"

ते गोंधळले. "कुणी म्हणजे? तुझ्या सासूनं."

"नाही. खडवलीच्या थोरल्या सासूबाईंनी. माझ्या सासूबाई दाराआड उभ्या होत्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गल्लीतनं बोलावणं येतं, कोण जातं? मी जाते. त्या म्हणतात, गुडघा दुखतोय. गल्लीत डोहाळजेवण असो, बारसं असो, दर वेळेला गुडघा. तुम्ही एवढे जवळ बसून मेथी निवडता, तुम्हाला कधी दिसलं नाही? तुम्ही मेलात ती तुम्हाला गंमत झाली, मामंजी. पण तुमच्या मागं विधवा झाल्या त्या सासूबाई. तुम्ही परत आलात. त्यांना अजून कुणी परत आणलेलं नाही."

आमचे हे नेमके तेव्हाच ऑफिसातनं येऊन दारात उभे, तोंडाचा आ वासून. मामंजी उठून माजघराच्या दारापाशी गेले.

"हे खरं का गं?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"अहो, कुणी काही म्हणत नाही हो मला," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "चांगली आहेत सगळी. पण कुणाच्या शुभकार्यात माझ्यामुळं कुणाच्या मनात पाल चुकचुकायला नको. म्हणून आपली मीच."

मामंजी तिथंच उंबऱ्यावर बसले. मग बाहेर जाऊन स्टुलावर चढले, हारासकट फोटो खाली उतरवला आणि ट्रंकेत टाकला. पायात चपला घातल्या आणि भटजींच्या दारात जाऊन उभे राहिले. भटजी पुढं किती वर्षं सांगायचे, "सुभेदार आले नि म्हणाले, भटजीबुवा, मला जन्माला घाला. आणि काही गाळू नका. उद्या कुणी म्हणायला नको की अमुक राहिलं."

भटजींनी काही गाळलं नाही. शास्त्रात तुपानं भरलेल्या भांड्यात बसवावं असं आहे म्हणे. एवढं तूप कुठनं आणायचं? म्हणून मोठ्या पिंपात पाणी आणि वरनं तुपाची धार यावर तडजोड झाली. मागच्या अंगणात पिंप मांडलं. मामंजी त्यात गुडघे छातीशी घेऊन बसले. गर्भातल्या बाळासारख्या मुठी आवळायच्या आणि अवाक्षर बोलायचं नाही, असा नियम. आमच्या मामंजींनी बोलायचं नाही! गल्लीतली पोरं कुंपणावर चढून बघत होती. समिधा ओल्या होत्या, धूर होत होता, भटजींचा मंत्र मध्येच अडकला, या सगळ्यावर मामंजींना मत होतं आणि ते नुसते डोळे गरागरा फिरवत होते. थोरले खडवलीहून आले होते. पिंपापाशी उभे राहून ते रडत म्हणाले, "चुकलो रे मी. मेल्याशिवाय मारला तुला." मामंजींनी मुठीतलं एक बोट काढून त्यांना गप्प राहायची खूण केली.

मग भटजी म्हणाले, "आता बाळानं रडावं." मामंजींनी फौजेत परेडवर द्यायचा तो आवाज लावला आणि ट्यॅहां केलं. शेजारची म्हैस दावं तोडून जी पळाली ती संध्याकाळी थेट कल्याणच्या पत्री पुलाकडे सापडली.

बारशाला बायकांनी उट्टं काढलं. पाळण्यात मामंजी मावेनात, म्हणून झोपाळ्यावर बसवले. कानात कुर्रर्र करून पाठीत धपाटा घालायचा असतो. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजींनी आत्याचा मान घेतला. त्यांच्या घरी मामंजी मयताला जाऊन "वाईट नाही काही तिकडे" म्हणाले होते, त्याची कसर त्यांनी त्या एका धपाट्यात भरून काढली. घुगऱ्या मी वाटल्या. नाव जुनंच ठेवलं. ते मी इथं लिहीत नाही, सासूबाई ते फक्त उखाण्यात घ्यायच्या आणि मी त्यांची सून आहे.

मुंजीच्या आधी क्षौर. न्हावी आला, वस्तऱ्याला धार लावली आणि मामंजींच्या मिशांपाशी येऊन थांबला. त्या मिशा म्हणजे काय ते सांगायला हवं. कैदेत असताना माणसं घड्याळं विकायची, अंगठ्या विकायची. यांनी जेवणातल्या तेलाचा थेंब वाचवून मिशांना लावला होता. भटजीही म्हणाले, "सुभेदार, मिशा राहिल्या तरी..." मामंजी म्हणाले, "नुकत्या जन्मलेल्या पोराला मिशा कुठून आल्या? काढ." आणि स्वतःच हनुवटी पुढं केली. मग लंगोटी, दंड, जानवं. भिक्षावळीला ते झोळी घेऊन सगळ्या बायकांपुढनं फिरले. सासूबाईंपुढं येऊन "भवति भिक्षां देहि" म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी मान खाली घालून लाडू वाढला आणि तो झोळीत पडायच्या ऐवजी दंडावर आपटून फुटला.

आणि मग लग्न. विहीणबाईंना आणि त्या आजींना नौपाड्याहून मुद्दाम बोलावलं होतं. सासूबाईंना माझ्या लग्नातला शालू मी नेसवला. त्या सारख्या म्हणत होत्या, "सूनबाई, लाज वाटते गं. पोरांदेखत." मी म्हटलं, "वाटू दे. नवरीला वाटायलाच हवी." अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. त्यांत वन्संचा आवाज सगळ्यांच्या वर. सासूबाई दिवसभर खाली मान घालून होत्या, नवऱ्याकडे धड पाहिलंच नव्हतं. अंतरपाट दूर झाला, त्यांनी मान वर केली, आणि समोर तो तुळतुळीत, बिनमिशांचा, लहान पोरासारखा चेहरा. त्यांच्या तोंडून निघालं, "अगंबाई, हे कोण?"

आणि त्या हसल्या. तोंडावर पदर न घेता, खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी त्या घरात आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. नौपाड्याच्या आजी काठी टेकत उठल्या, त्यांनी करंडा उघडून सगळ्यांच्या आधी सासूबाईंना हळदीकुंकू लावलं. "झालं हो," म्हणाल्या, "आता कुणाची टाप नाही."

वन्संच्या लग्नात कन्यादान मामंजींनीच केलं. सासूबाई शेजारी बसून हातावर पाणी सोडत होत्या. मांडवात मागं कुणी बसलं नाही. पण माझ्या मनात राहिलंय ते त्याच्या आदल्या दिवसाचं.

आदल्या दिवशी ओटीवर कासारीण बसली होती, लग्नघरच्या बायकांना हिरवा चुडा भरायला. वन्संचा झाला, माझा झाला, शेजारणींचे झाले. सासूबाईंची पाळी आली, तर त्यांनी हात मागं घेतला. "मला नको गं. मला काचेच्या सोसत नाहीत." मामंजी परत आल्यापासून त्यांच्या हातात दोन पाटल्या तेवढ्या असायच्या, काचेची बांगडी म्हणून कधी नाही. खरंच सोसत नसतील, असंच आम्ही धरून चाललो होतो. कासारीण जुनी, कल्याणची, जिभेला हाड नसलेली. "लेकीच्या लग्नात आईचा हात ओका? आन हिकडं!" म्हणत तिनं सासूबाईंचा हात ओढला आणि बोटं मळायला घेतली. सासूबाईंनी डोळे गच्च मिटले. पहिली बांगडी मुठीवर चढली, तशी त्यांचा हात खांद्यापर्यंत कापायला लागला.

मामंजी तोरणाचे टहाळे घेऊन ओटीवरनं चालले होते. ते पाहून थांबले. टहाळे खाली टाकून उकिडवे बसले. "दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"भरताना नाही दुखत," त्या म्हणाल्या.

कासारणीचे हात थांबले. आम्ही बायका एकमेकींकडे बघेनाशा झालो. दहाव्याचा तो दिवस बघितलेल्या दोघीतिघी तिथं होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. मामंजींना कळायला एक क्षण लागला. मग कळलं. चेहरा लपवायला आता मिशाही नव्हत्या. ते सगळ्यांसमोर, हुंदका देऊन रडले.

थोड्या वेळानं त्यांनी बाहीनं डोळे पुसले, सासूबाईंना लागून मांडी घालून बसले आणि त्यांच्या मनगटाखाली स्वतःचा तळवा धरला.

"सावकाश भर, बाई," ते कासारणीला म्हणाले. "दोन्ही हात भर. मी बसलोय इथं."